जेऊरपासून राहिलेला रस्ता

“रस्ता वाढला का?”

दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून काका एवढंच विचारायचे आणि उत्तर यायच्या आत टेबलाच्या चारही पायांना चपलेची एकेक ठोकर मारून यायचे. टायरमधली हवा बघायची सवय. तीसेक वर्षं मालट्रक चालवलेल्या माणसाला तुम्हीच सांगून बघा, हे टेबल आहे म्हणून.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझं गेमिंगचं दुकान. चार कॉम्प्युटर, एक स्टिअरिंग. बाकीची गिऱ्हाइकं बंदुका चालवायची, काका एकटे ट्रक. त्यांचा हॉर्न असा, की समोरच्या दुकानातल्या शेंगाचटणीच्या बरण्या चार बोटं पुढे सरकायच्या. तुम्ही म्हणाल, फेकतोय. बरं, दोन बोटं.

त्या गेमला अधूनमधून नवा भाग यायचा. पोरं त्याला डीएलसी म्हणतात, काका ‘वाढीव रस्ता’ म्हणायचे. तो डाउनलोड केला, की नकाशाला आणखी एक देश जोडला जायचा. आमचं इंटरनेट असं, की एक देश उतरायला सकाळची संध्याकाळ व्हायची. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी भरायची आणि काका समोर बसून राहायचे. मी वैतागलो की मलाच समजवायचे, “दम धर की. आत्ता कुटं खडी पडतीया. डांबर व्हायचंय अजून.”

रस्ता झाला की कॉम्प्युटरला लिंबू-मिरची लागायची. मग परदेशातल्या गुळगुळीत हायवेवर काका बिनदिक्कत डावीकडून गाडी घालायचे. समोरून येणारा अख्खा युरोप दिवे मारत शेतात उतरायचा.

“काका, तिकडं उजवीकडून चालवतात.”

“चालवू दे की. त्यास्नी कुणी नीट शिकिवलंच न्हाय.”

खरं तर युरोपशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एकदा चहा पिताना त्यांनी सांगितलं, “नगरकडनं कांदा भरून येत हुतो. जेऊरला छातीत कळ आली. लोकांनी उतरवलं, रेल्वेनं सोलापूरला धाडलं. गाडी दुसऱ्यानं आणली. भरलेली गाडी मी सोलापुरात लावली न्हाय, असं एकदाच झालं. आन् तेच शेवटचं.”

डॉक्टरांनी त्या दिवसापासून स्टिअरिंग सोडायला लावलं होतं. पण गेमचा नकाशा देशादेशानं पूर्वेकडे सरकतोय, हे काकांनी हेरलं. असाच वाढत राहिला तर एक दिवस जेऊरला पोचेल आणि राहिलेला रस्ता आपण पुरा करू, एवढाच त्यांचा हिशेब.

माझं तोंड मला कधी आवरलेलं नाही. “पुढच्या भागात आपलाच नंबर, काका. जेऊरचं स्टेशनसुद्धा दाखवणार आहेत,” असं मी ठोकून दिलं. पुढचा भाग आला. त्यात नुसता बर्फ. मी म्हणालो, “त्याच्या पुढच्यात.” काकांनी मान हलवली आणि त्या बर्फातून दिवे लावून मुकाट गाडी हाकली.

मग साखरेनं त्यांचे डोळे गेले. लेक पुण्याला घेऊन गेली. दर बुधवारी तिच्या फोनवरून विचारायचे, “कुटवर आला?” आणि मी रस्ता थोडा थोडा पुढे सरकवायचो.

एका बुधवारी मात्र माझ्यावर खरं बोलायची वेळ आली. इकडच्याच कुणा हौशी माणसानं त्या गेमसाठी घरी बसून बनवलेला नकाशा मला सापडला. जेऊर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर.

“आला, काका.”

पलीकडे काकांनी लेकीला टीव्ही बंद करायला लावला. मग म्हणाले, “मला दिसत न्हाय आता. तू चालीव. मी सांगतो.”

मी जन्मात ट्रक चालवलेला नाही, गेममधलासुद्धा. फोन स्पीकरवर ठेवला आणि निघालो.

“जेऊर सोडलं? डावीकडं चिंच लागंल. मोठी हाय.”

त्या माणसानं झाडं केलीच नव्हती. नुसतं तपकिरी माळरान. “लागली,” मी म्हणालो.

“सावली हाय का अजून?”

“गाडीभर आहे.”

“टेंभुर्णीला कोपऱ्यावर हाटेल. गल्ल्यावर म्हातारा असतोय.”

“हात केला त्यानं.”

“व्हय,” काका हसले. “मला बी करायचा.”

मोहोळच्या अलीकडे एका ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला गेलो आणि गाडी नाल्यात उलटी झाली. पुन्हा सुरुवात करायची तर थेट जेऊरपासून.

“मोहोळ गेलं का?”

“गेलं.”

“सोलापूरच्या येशीवरचं बाळे?”

“आलंच.”

“आता हळू. माणसं मधी येत्यात.”

“हळूच आहे, काका.”

“लागली गाडी?”

“लागली.”

“सरळ लावलीस न्हवं?”

“एकदम सरळ.”

पडद्यावर चाकं आभाळाकडे करून ट्रक पडला होता. काकांनी लांब श्वास सोडला. “हमालास्नी म्हणावं, दोर सोडा,” म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांना आता विचारायचं काही उरलं नसावं. मीही केला नाही. इतकी वर्षं सहज खोटं बोलणारा मी, पण त्यांचा आवाज ऐकला तर गाडी अजून मोहोळच्या नाल्यातच आहे, असं तोंडातून निघून जाईल, याची धास्ती वाटते.