तिचं किती, हाताचं किती

आमच्या लालबागच्या घरात जेवताना भांडण ठरलेलं असायचं, आणि ते कायम गुणांवरून. नवरा ऑफिस सुटल्यावर दादरच्या एका जुन्या व्यायामशाळेत मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायचा. मी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी स्पर्धांना पंच म्हणून बसते. मुलगी खेळायची. म्हणजे एकाच दीड खोलीत खेळाडू, कोच आणि पंच. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमचं बरं आहे, स्पर्धा घरातच उरकते. त्यांना हसायला काय जातंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सला गुण देणारी दोन टेबलं असतात असं समजा. पोरीने किती अवघड केलं ते पहिलं टेबल मोजतं. प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत ठरलेली असते, त्यांची बेरीज करत जायची. दुसरं टेबल दहापासून सुरू करतं आणि नुसतं कापत सुटतं. गुडघा वाकला, काप. पावलं एकमेकांपासून सुटली, काप. उतरताना पाय सरकला, काप. पडली तर अख्खा एक गुण गेला. मी या दुसऱ्या टेबलावरची बाई. इतकी वर्षं हेच केल्याने माझी नजर नासली आहे. लग्नात नवरी स्टेजवर चढताना सगळे तिचा शालू बघतात, मी गुडघा बघते.

नवरा मात्र जन्माचा पहिल्या टेबलावरचा. त्याचं म्हणणं, स्वच्छ तर सगळ्याच करतात, स्वच्छतेवर कुणी संघात घेत नाही. आणि हे अगदीच खोटं नव्हतं. मुलगी अकरावीला होती. राज्याच्या संघात जाण्याची ती तिची शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी बारावी आणि अंगही भरायला लागलेलं. तिच्या वयाच्या बाकीच्या मुली बार्सवर, म्हणजे एक वर एक खाली लावलेल्या दोन आडव्या दांड्यांवर, एकेक अवघड गोष्ट घेऊन यायला लागल्या होत्या. हिचा बार्सचा संच, म्हणजे एका दमात करायच्या सगळ्या कसरती, इतका देखणा की माझ्यासारखीलासुद्धा पेन खाली ठेवावं लागायचं, पण बेरीज कमी. मग नवऱ्याने तिला सुटून पकडायची उडी शिकवायला घेतली. वरच्या बारवर पूर्ण फिरायचं, मागच्या बाजूला वर जाताना हात सोडायचे, हवेत पुढे कोलांटी घ्यायची आणि खाली येता येता तोच बार पुन्हा धरायचा.

मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड होतोय."

"तू फक्त कापायचं बघ गो," तो म्हणाला. चिडला की तो असा अर्धा मालवणीत जायचा. "पोर करतला ता."

मुलगी बांगड्याचा काटा काढत म्हणाली, "तुम्ही बेरीज-वजाबाकी करा, मी कढी घेऊ का अजून?"

ती अशी होती. आम्हा दोघांच्या मधे बसून शांतपणे जेवायची. पण तिला ती उडी हवी होती हे मला माहीत होतं. व्यायामशाळेतून आली की बॅग ठेवायच्या आधी तळहात दाखवायची, नवीन फोड कुठे आला ते. बापाला आधी, मग मला. संघाचा तो ट्रॅकसूट अंगावर यावा, एवढंच तिला हवं होतं. आणि ते तिने आमच्याकडे कधी मागितलं नाही. तिला वाटायचं ते बारवरच मागायचं असतं.

मोठ्या अकादम्यांत बारखाली फोमचे ठोकळे भरलेला खड्डा असतो. मुलगी शंभरदा पडते, शंभरदा उठते. आमच्याकडे पातळ झालेल्या गाद्या होत्या आणि नवऱ्याचा हात होता. बारखाली तो उभा राहायचा, एक पाय पुढे, आणि मुलगी हवेत गेली की त्याचा हात तिच्या कमरेपाशी जायचा. चुकली तर झेलायला. दादरच्या त्या हॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असंच शिकवत आलेत. मीही लहानपणी अशाच एका हातावर शिकले. तो हात असला की मन सैल होतं, आणि मन सैल झाल्याशिवाय बार सोडता येत नाही. नवऱ्याचा हात तर इतका हलका की पोरींना तो लागलेला कळायचाही नाही. त्याच्याकडची एकही मुलगी कधी जायबंदी झाली नाही. त्याला याचा अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

दिवाळीनंतर उडी बसली. ती दरवेळी बार पकडायला लागली. नवऱ्याने पेढे आणले. मीही जाऊन बघितलं आणि गप्प बसले, कारण कापण्यासारखं फार नव्हतं. पाय थोडे सुटत होते, बस. त्या रात्री आमच्याकडे भांडण झालं नाही, आणि खरं सांगायचं तर मला चुकल्यासारखं वाटलं.

निवड स्पर्धा उपनगरातल्या एका संकुलात होती. मुलगी खेळत असेल तिथे मी टेबलावर बसत नाही, म्हणून वर प्रेक्षकांत बसले. बार्सवर कोचला शेजारी उभं राहायची परवानगी असते, पण खेळाडूला हात लावायचा नाही. लागला तर एक गुण जातो, आणि ज्या उडीत लागला ती उडी बेरजेत धरत नाहीत. म्हणजे दोन्ही टेबलांकडून मार. हे नवऱ्याला माझ्याइतकंच पाठ होतं. मुलींना तोच शिकवायचा.

तिने सुरुवात अशी केली की माझ्या शेजारची अनोळखी बाई पोळीचा डबा उघडता उघडता थांबली. वर फिरली, सुटली, कोलांटी घेतली, आणि हात बारवर. मी श्वास सोडला. आणि त्याच क्षणी मला दिसलं. नवऱ्याचा हात तिच्या कमरेवरून मागे येत होता.

तो तसा झेलायला गेलाच नव्हता. ती पडत नव्हती. पोर रस्ता ओलांडताना आपण तिचं मनगट धरतो, ती कॉलेजात जायला लागली तरी धरतो, तसा तो हात गेला आणि परत आला. मुलीने संच पूर्ण केला, उतरली, पाय जराही सरकला नाही. दोन्ही हात वर करून पंचांकडे बघून हसली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. टेबलावर दोघी पंच खाली वाकून आपसात बोलत होत्या. तिथे मी असते तर काय केलं असतं? तेच केलं असतं.

गुण लागले. मुलीने बोर्डाकडे बघितलं, मग बापाकडे. नवरा टेबलाकडे गेला, विचारलं, परत आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला न केलेल्या चोरीत धरावं तसं त्याला झालं होतं.

संघाची नावं वाचली त्यात ती नव्हती. तो एक गुण आणि ती उडी धरली असती तर असती. मी हिशोब मनातल्या मनात केला आणि तिथेच गिळला.

परत येताना टॅक्सीत मुलगी मधे बसली होती. शीवच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवरा म्हणाला, "मी हात लावला नाही. टेबलावरच्या त्या बाईला चष्मा बदलायला सांग."

मुलगी म्हणाली, "लावलास, बाबा."

"नाही गं राणी."

"आई, तू बघितलंस ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे असं कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. सिग्नल सुटला. मग म्हणाला, "मला कळलंच नाही." आणि मला त्याचं पटलं. त्याच्या हाताला माहीत होतं, त्याला नव्हतं.

मुलगी रडत नव्हती. ती विचार करत होती, आणि ते जास्त वाईट होतं. परळचा पूल आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे प्रॅक्टिसला पण लागत असणार ना?"

ती तशीच पुढे म्हणाली,

"दरवेळी लागत असणार. मग मी एकटीने कधी पकडलाच नाही बार. बाबा, त्यातलं माझं किती होतं?"

मी दशांशात गुण कापणारी बाई, पण ते मला वेगळं काढता आलं नसतं. एवढ्याशा स्पर्शाने उडीची दिशा किती बदलते? काहीच नाही, किंवा सगळं. संघ गेल्याचं दुःख एक वेळ भरून निघालं असतं. पण जे आपल्याकडे आहे असं तिला वाटत होतं, तेही त्या टॅक्सीत गेलं. मला नवऱ्याचा राग आला. तो राग अजून आहे, आणि त्याची दयाही तितकीच येते. दोन्ही एकाच माणसाबद्दल, एकाच ताटावर बसून वाटतं.

पुढचा आठवडाभर घरात कढीवर, उकाड्यावर, मोरीच्या गळणाऱ्या नळावर बोलणं झालं. गुणांवर नाही. मग शनिवारी मुलगी बापाला म्हणाली, "उद्या हॉल उघडशील? मला एकदा करून बघायचंय. तू लांब उभा राहा."

त्याने एवढंच विचारलं, "गाद्या वाढवू ना?"

"वाढव."

रविवारी दुपारी हॉलमध्ये आम्ही तिघंच. नवऱ्याने तोल सांभाळायच्या बीमखालच्या, भिंतीजवळच्या सगळ्या गाद्या ओढून बारखाली रचल्या. स्वतः झोपून बघितलं त्यांवर. मग दाराजवळ जाऊन उभा राहिला. हाताची घडी घातली, सोडली, हात मागे बांधले. मी बाकावर बसले. तिने तळहातांना चामड्याच्या ग्रिप बांधल्या, पावडर लावली, बारकडे बघून मान हलवली.

वर गेली. हातांवर उभी राहिली, सरळ, टाचांपासून मनगटांपर्यंत एक रेघ. फिरली. पुन्हा फिरली. मागे वर जाताना खांदे उघडले, इथेच सोडायचं असतं, आणि तिने सोडलं नाही. पुन्हा फिरली. बार करकरत होता. प्रत्येक फेरी आधीच्यासारखीच सुंदर, कापायला काही नाही, आणि प्रत्येक फेरीत त्या जागी हात बारवरच. मी मनात म्हणत होते, सोड. दुसऱ्याच क्षणी म्हणत होते, नको सोडू. नवरा दाराजवळून हलला नाही. त्याने शब्द दिला होता.

मग तिने वेग कमी केला. फेऱ्या लहान झाल्या, नुसता झोका राहिला, आणि शेवटी ती बारला लटकून राहिली. पाय जुळलेले, चेहरा भिंतीकडे.

"बाबा," ती म्हणाली. "ये."

उतरायला तिला कुणाची गरज नव्हती. चौथीत असल्यापासून ती त्या बारवरून स्वतः उडी मारून उतरत होती. पण तो आला. गाद्यांवर चढला, तिच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि लहानपणी उतरवायचा तसं खाली घेतलं. तिचे पाय गादीवर टेकले. ती नीट उभी राहिली. तरी त्याला हात काढता येईनात. तिने ग्रिप न काढताच त्याची बोटं एकेक करून कमरेवरून सोडवली, आणि म्हणाली, "बाबा, उभी आहे मी."