रविवारी नऊ ते अकरा

आमच्या वसतिगृहात साठ मुली आहेत आणि साठ मोबाइल. मोबाइल माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतात, बंद करून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवून. रविवारी सकाळी नऊला कपाट उघडतं, अकराला पुन्हा कुलूप. नियम मीच केला आणि सहा वर्षांत एकीलाही सूट दिली नाही. मुली मागे मला काय काय म्हणतात ते ठाऊक आहे. म्हणू देत. मी रेक्टर आहे, त्यांची मावशी नव्हे.

प्रियदर्शनी आमच्याकडे अकरावी आर्ट्सला आली. सांगोल्याकडच्या वाडीवरची, धनगराची मुलगी. वडील जोतिराम आणि आई म्हाळसाबाई दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ते मिरगाच्या तोंडावर परत. उजनीच्या काठाकाठानं, उसाच्या पट्ट्यातून. कुणाच्या तरी मोकळ्या रानात चार रात्री मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्या रानाला, बदल्यात ज्वारी नाहीतर थोडे पैसे, मग पुढचं रान. इतर मुली अधूनमधून शनिवारी पिशवी भरून गावी पळतात. ही कुठे जाणार? घराला कुलूप, आणि आईबाप आज कोणत्या शिवारात आहेत ते फोन झाल्याशिवाय कळायचं नाही.

तिकडे फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. रविवारी नऊला ही रांगेत पहिली. मागच्या कडुनिंबाखाली जाऊन बोलायची. बोलायची कमी, ऐकायचीच जास्त. एकदा मी वाळत घातलेले कपडे काढत होते, तेव्हा फोनमधून मेंढरांचा नुसता कालवा येत होता आणि ही विचारत होती, "माजी चांदी कुटं हाय? तिला जवळ आणा की." चांदी ही तिच्या नावानं पाळलेली मेंढी. एरवी आठवडाभर मी तिचा आवाज ऐकला नाही. खोलीतल्या तिघी कॉमर्सच्या, त्यांचं आपसात चालायचं. जेवायला ही कडेला बसायची आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत उठून जायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात इंग्रजीच्या नंदीश सरांनी इंग्लिश लिटरेचर हा जादा विषय सुरू करायचं ठरवलं. ज्यांना घ्यायचा त्यांनी शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचा, फॉर्मवर पालकाची सही. हिचे पालक रानोमाळ, म्हणून सोमवारी ती फॉर्म घेऊन माझ्याकडे आली.

"कशाला हा उद्योग?" मी विचारलं. "आहेत त्या विषयांत नीट मार्क पाड."

"सरांनी एक गोष्ट वाचली वर्गात," ती म्हणाली. "एक म्हातारी समुद्राच्या कडंला एकटीच राहती. मी समुद्र बगितला न्हाय. आमच्यातलं त्यात कुणीच न्हाय. तरी मला सगळी कळली. कुणी समजावून सांगितली न्हाय, माजी मलाच कळली."

मी म्हटलं, विचार कर, इंग्रजीत नापास झालीस तर माझ्या सहीला नावं ठेवतील. मला वाटलं, हिची अडचण इंग्रजीची.

चार दिवस फॉर्म तिच्या वहीत घडी घालून होता. धुण्याच्या हौदावर कपडे भिजवून ती तशीच बसून राहायची आणि नळ वाहत राहायचा. मी दोनदा ओरडले. गुरुवारी ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, रविवारी फोन नऊलाच मिळतो का?"

"नऊलाच," मी म्हटलं. किराणा मालाची यादी करत होते, मान वर केली नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. शनिवारी फॉर्म पुढे केला, मी सही केली. खाली तासाची वेळ छापलेली होती, ती मी वाचली नाही. जादा तास कधी असतात याची चौकशी मी कशाला करू? दुसऱ्या दिवशी रविवार. कडुनिंबाखालचं तिचं बोलणं माझ्या खिडकीत स्पष्ट ऐकू आलं.

"आता रविवारी फोन लावू नका. व्हय, अजिबात न्हाय. उन्हाळ्याच्या सुट्टीतच बोलू."

माझं डोकं फिरलं. रागावले की माझ्या तोंडून घरची कन्नडच निघते. साकु, म्हटलं, पुरे झालं हिचं. दोन इंग्रजी गोष्टी कानावर पडल्या आणि मेंढरं राखणाऱ्या आईबापांची लाज वाटायला लागली. त्यानंतर ती रविवारी सकाळी वही घेऊन बाहेर पडायची, फोन मागायला येईना, तेव्हा माझी खात्रीच पटली. तिला ताक द्यायचं राहिलं तर मी पुन्हा वाढायला सांगितलं नाही. इतकी मी वाईट वागले, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. त्या रविवारी सरांनी तास ठेवला नव्हता, हे मला नंतर कळलं. मुली नऊला घाईनं फोन उरकून, परत देऊन, नटूनथटून जत्रेला गेल्या. वसतिगृह रिकामं झालं. अशा वेळी इथली शांतता मला सोसत नाही, म्हणून मी अंगणात आले, तर ही पायरीवर बसलेली.

"गड्ड्याला गेली नाहीस?"

"न्हाय."

"मग फोन तरी घे."

"आता ते लावत नसतील," ती म्हणाली.

मीच आत जाऊन तिचा मोबाइल काढला, चालू केला. चालू झाल्याबरोबर तो टिणटिण वाजायला लागला आणि थांबेना. फोन बंद असताना कुणी लावला होता त्याचे मेसेज. सगळे एकाच नंबरचे, सगळे रविवारचे, सगळे नऊ ते अकरामधले. शेवटचा त्याच सकाळचा. मी तिच्या हातात दिला. ती वाचत राहिली. मग तिनं फोन लावला. तिच्या आईचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"लावू नका म्हणलं व्हतं की," ती म्हणाली.

"ठावं हाय. बंद असतोय ते बी ठावं हाय," आई म्हणाली. "पर रविवार आला की तुजं वडील मेंढरं सोडतच न्हाईत. अकरा वाजंस्तोवर धरून ठिवत्यात. मेंढरं वराडत्यात उपाशी. म्या म्हणते सोडा, तर म्हणत्यात, चुकून लागला तर?"

पलीकडे मेंढरं ओरडत होती. पोरीनं फोन कानाला घट्ट दाबला. मग म्हणाली, "सोडा आता मेंढरं."

तिनं फोन बंद करून माझ्यापुढे धरला. "म्होरल्या रविवारी नगं, बाई, नऊ ते अकरा सरांचा तास असतो." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तासाची वेळ नऊ ते अकरा. माझ्या कपाटाची वेळ नऊ ते अकरा. ती चार दिवस हौदावर बसून यातलं एक निवडत होती, आणि मी तिला नळ बंद कर म्हणून ओरडत होते.

"अगं, मला सांगायचंस ना," मी म्हटलं. "शनिवारी संध्याकाळी दिला असता."

सूट दिली असती की नाही, देव जाणे. पण तिनं विचारायला तर हवं होतं.

"कसं मागणार, बाई?" तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमी कुणाच्या रानात गेलो तर मालक सांगंल तितंच मेंढरं बसवतो. जागा बदलून मागत न्हाय. मागितली तर म्होरल्या वर्षी रानात येऊ देत न्हाईत."

ही मुलगी सात महिने माझ्या हाताखाली राहिली, आणि मी तिच्या लेखी कुणाच्या तरी रानाची मालकीण होते.

पुढच्या शनिवारी दिवेलागणीला, मेंढरं रानात परत येऊन बसायच्या वेळेला, मी कपाट उघडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिला हाक मारली आणि फोन दिला. दर शनिवारी याच वेळेला घेऊन जा म्हणून सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी घेतला. वळली आणि दारातच थांबली.

"बाई," तिनं विचारलं, "कुटं बसून बोलू?"

"कुठंही बस," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली, मी जागा दाखवायची वाट बघत.