माझ्या रिपोर्टवर अभिजितचं नाव

"फळवाल्याच्या पोरीच्या हातात डेटाबेस दिला की असंच होणार," साहेब सगळ्या ऑफिससमोर म्हणाले. मी उभी. बाकीचे बसलेले. समोर लॅबच्या डॉक्टरबाई. "माफी माग त्यांची."

बीडमधली लहान कंपनी आमची. रक्त तपासणाऱ्या लॅबना सॉफ्टवेअर द्यायची. त्यातला डेटाबेस सगळ्या जगाला फुकट मिळणारा, कुणीही उघडून दुरुस्त करावा असा. मांजरसुंब्याच्या एका गरोदर बाईचा रिपोर्ट त्यात सापडेना. तिचं रक्त परत काढावं लागलं. आळ माझ्यावर. म्हणे, मीच पुसला.

"साहेब, नोंद आतच हाय. बग हाय तो, डेटाबेसमधलीच चूक. अभिजितला दाखवलाय मी."

साहेबांनी पुतण्याकडं, अभिजितकडं पाहिलं. "काय रे?"

"मला काही माहीत नाही, काका."

कॉलेजपासूनचा माझा दोस्त. दर ईदला आमच्या घरी शीरखुर्मा खाणारा. मान वर न करता बोलला. मी माफी मागितली.

मी त्याला सगळं दाखवलं होतं. लाईट जाऊन मशीन परत चालू झालं, की डेटाबेसची सूची बिघडायची. नावानं शोधलं तर नोंद मिळायची न्हाई. एकेक नोंद वाचत गेलं, की तिथंच असायची. बग पकडून दाखवायला मी छोटी चाचणी लिहिली. डेटाबेस बनवणाऱ्यांना पाठवायला त्या बगचा रिपोर्ट लिहिला. अभिजित म्हणाला, "तुझं इंग्लिश बघून पुढं वाचणारच न्हाईत ते. दे, नीट करून पाठवतो."

दिला. भरवशानं.

पुढं एकदा मीच त्या डेटाबेसच्या साइटवर गेले. रिपोर्ट होता. नाव अभिजितचं. चाचणीतल्या खोट्या नोंदींना नावं सीताफळ, पेरू, डाळिंब. अब्बांच्या गाड्यावरची फळं, मीच टाकलेली. खाली परदेशातल्या लोकांनी त्याचे आभार मानलेले. अन् तारीख माझ्या माफीच्या आधीची. म्हणजे 'माहीत नाही' म्हणाला तेव्हा रिपोर्ट पाठवून बसला होता.

"कावून केलंस?" मी विचारलं.

"मला पुण्यात नोकरी बघायचीय. तुला काय, लग्न होऊन घरीच बसायचंय."

तशीच मशीनवर बसले. त्याच पानावर, माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये लिहिलं: ही चाचणी माझी आहे. सोबत माझे सगळे कच्चे खर्डे जोडले. उत्तर आलं, वाईट वाटलं, पण दुरुस्ती त्याच्या नावानं डेटाबेसमध्ये कायमची जमा झालीय, जुन्या नोंदीतलं नाव आता बदलता येत नाही.

साहेबांनी बोलावलं. "लिहिलंय ते काढ. न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

"न्हाई काढणार."

नोकरी गेली. अभिजित पुण्याला गेला. त्याचं नाव अजून तिथंच आहे.

मी दुसरे बग शोधते. रिपोर्ट मीच लिहिते, मीच पाठवते. व्याकरण चुकतं, चुकू द्या. वर माझं पूर्ण नाव असतं, अन् पुढं बीड. पाठवायच्या आधी मी तो कुणालाच वाचायला देत न्हाई. यापुढं देणार न्हाई.