बगळ्याचं नाक

रोहणा गावच्या शकुबाईंच्या गोठ्यात बगळ्या नावाचा पांढराशुभ्र बैल आहे. गेल्या थंडीत त्याच्या नाकातून पिवळा, दाट, घाण वासाचा शेंबूड वाहू लागला आणि त्यानं खाणं सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "नाकात जंतू झालेत. नाक चोंदलं की बैलाला चाऱ्याचा वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय तो तोंड लावत नाही. नाक साफ ठेवा, नाहीतर उपाशीच जाईल."

पण बगळ्या नाकाला हात लावू देईना. शिंगं उगारायचा. शकुबाईंचे यजमान महादेवराव कुंपणाआडून शिकवायचे, "अवं, मान दाब त्याची!"

"तुमीच या नं धराले! भेव लागते का तुमाले?"

शेवटी शकुबाईंनी जबरदस्ती सोडली. त्या त्याच्या गळ्याखाली खाजवत बसायच्या आणि त्याचे डोळे मिटू लागले की कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं हळूच नाकपुडी पुसायच्या. "शेंबड्या कुठला! माह्या लेकरायनंबी एवढा तरास नाई देल्ला."

एका सकाळी बगळ्यानं अशी शिंक हाणली की त्यांचं लुगडं खांद्यापासून निऱ्यांपर्यंत भरलं. महादेवराव पोट धरून हसू लागले. तेवढ्यात बगळ्यानं मान वळवली, घमेल्यातली भिजवलेली सरकीची पेंड, म्हणजे ढेप, हुंगली आणि तो खाऊ लागला.

"हसून काय राह्यले? आनखी ढेप आना!" शकुबाई ओरडल्या.

लुगडं बदलायला त्या घरात गेल्या, ते घमेलं चाटूनपुसून झाल्यावरच.