यादीत नसलेली पेटी

मित्सुयो-सान कुबोदेरांच्या स्प्रिंगच्या कारखान्यात लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. आता छप्पन्न. हिगाशी-ओसाकातल्या त्या एकोणीस माणसांच्या कारखान्यात जे काम कुणाचंच नसतं, ते त्यांचं असतं. फोन, फॅक्स, शिक्के, पाहुण्यांचा चहा. संगणक चालू करता येतो एवढ्या भांडवलावर त्या संगणक-प्रमुखही झाल्या होत्या.

सकाळी काम सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं सगळेच झाडलोट करतात, मालक कुबोदेरासुद्धा. ज्याची त्याची जागा ठरलेली. तीन नंबरच्या यंत्रामागचा कोपरा मित्सुयोंचा. तिथे भिंतीवर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आहे. अकरा वर्षांपूर्वी यंत्रवाल्या कंपनीच्या तोकुनागांनी ती बसवली होती. "आता बिघाड झाला की मला धावत यायला नको," ते म्हणाले होते, "तिकडे बसूनच तारेतून आत येईन. हिरवा दिवा लुकलुकला की समजा, मी आलोय." परवानगीच्या कागदावर शिक्का मित्सुयोंनीच उठवला होता. पुढे दिवा लुकलुकला की त्या फडकं फिरवता फिरवता पुटपुटत, "या, तोकुनागा-सान."

तीन वर्षांपूर्वी तोकुनागा वारले. त्यांची कंपनीही मिटली. दिवा शांत झाला.

गेल्या महिन्यात तो पुन्हा लुकलुकू लागला. पहिल्या दिवशी सवयीनं मित्सुयोंच्या तोंडून "या" निघालं, आणि मग फडकं हातातच राहिलं.

त्याच आठवड्यात एक तक्ता आला. सरकारचे नियम कडक झाले होते. मोटार कंपनीनं तिला ब्रेक पुरवणाऱ्यांना विचारलं, त्या ब्रेकवाल्यांनी त्यांना स्प्रिंगा पुरवणाऱ्या कुबोदेरांना. तुमच्या संगणकांत बाहेरचा कुणी शिरू शकतो का? एकशे चाळीस प्रश्न. विचारलेली खबरदारी जमत असेल तर गोल, नसेल तर फुली. पुढच्या वर्षीचं काम ह्याच उत्तरांवर ठरणार होतं, आणि ब्रेकवाल्यांचं काम म्हणजे कारखान्याचं निम्म्याहून अधिक काम.

"त्रिकोण नाही का?" मालकांनी विचारलं. "जमतंय-जमत नाही असा? आपलं सगळं त्रिकोणातच चालतं."

"मागच्या वर्षीपर्यंत होता. काढला," मित्सुयो म्हणाल्या.

"मग घाला गोल. आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? भिंतीवरचं कॅलेंडर?"

सत्त्याऐंशीवा प्रश्न असा होता: बाहेरून आत येणाऱ्या सगळ्या जोडण्यांची यादी तुमच्याकडे आहे का? मित्सुयोंनी तेवीस वस्तूंची यादी केली आणि गोल घातला. चोविसावी लिहायला घेतली की अकरा वर्षांपूर्वीचा शिक्का डोळ्यांपुढे येई, आणि त्यामागे एकोणीस चेहरे. ह्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार? रोज सकाळी फडकं घेऊन त्या तिथेच उभ्या राहत. दिवा लुकलुके. आता कोण आलंय?

तपासणीला ब्रेकवाल्यांचे इनागाकी आले. तिशीतला, मऊ बोलणारा माणूस. यादी हातात धरून त्यांनी तेवीसच्या तेवीस वस्तूंवर खुणा केल्या.

"फार व्यवस्थित ठेवलंय," ते म्हणाले.

"आमच्या मित्सुयो-सान आहेत ना!" मालक खुलले. "ह्यांच्या फडक्यातून धूळसुद्धा परवानगी घेऊन सुटते."

सगळे हसले. इनागाकी बूट घालायला वाकले. मालक निरोपासाठी कमरेत वाकले, मित्सुयोही वाकल्या, आणि खाली बघतच बोलल्या, "एक राहिलंय."

यंत्रामागे तिघं कसेबसे मावले. इनागाकींनी पेटी भिंतीवरून काढून उलटी केली. खाली चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड होता, पेटी विकत घेतली तेव्हाचाच.

"हा दिवा कधीपासून असा?"

"सव्वा महिना. त्याआधी तीन वर्षं शांत होता. मी रोज पुसते."

इनागाकींनी बाहेरून येणारी तार उपटली. दिवा विझला. त्यांच्या आवाजातला मऊपणा गेला होता. "आता दुसरं काहीही बंद करू नका, पुसू नका, कुणी हात लावू नका. उद्या आमची माणसं येतील. तोवर तुमच्या नव्या ऑर्डरी थांबवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

त्यांची गाडी गेल्यावर मालक मित्सुयोंकडे वळले. मग म्हणाले, "सव्वा महिना, मित्सुयो-सान?"

"हो. शिक्काही माझाच आहे. सत्त्याऐंशीवर फुली मी मारते."

"शिक्का कारखान्याचा आहे," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

रात्रभर मित्सुयोंनी राजीनाम्याची वाक्यं जुळवली. सकाळी त्या पोचल्या तर मालक आधीच आलेले. विजेरी घेऊन पाच नंबरच्या यंत्रामागे आडवे झाले होते. तो कोपरा गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या दोहीकाकांचा; तेव्हापासून तो कुणालाच नेमून दिला नव्हता.

"आलात? इकडे या जरा," आतून आवाज आला. "हात लावत नाहीये, नुसतं बघतोय. ही वायर कुठे जाते?"

मित्सुयो गुडघ्यांवर बसल्या. धुळीच्या जाड थरातून एक राखाडी वायर भिंतीत शिरत होती. त्यांनी ती कधीच पाहिली नव्हती.

"ठाऊक नाही," त्या म्हणाल्या आणि यादीत लिहायला खिशातून पेन काढलं.