वडवणीच्या वरातीतली थंडगार गाडी

वडवणीत एका लग्नाचा मुहूर्त माझ्यामुळे हुकला, पण गाडीचं इंजिन शेवटपर्यंत थंड होतं.

गाडी म्हणजे माझी जुनी, लाल, बिनटपाची स्पोर्ट्स गाडी. वयाने माझ्याएवढी आणि तापट माझ्या बायकोएवढी (हे वाक्य सुमनला वाचून दाखवू नये). नेकनूरहून बीडला निघालं की पालीजवळ ती हमखास उकळायची. मी बॉनेट उघडून वाफेत उभा आणि सुमन रस्त्याच्या कडेला तोंडावर पदर ओढून, जणू या माणसाला ती ओळखतच नाही! त्यात तिच्या भाच्याचं लग्न निघालं, आणि नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला याच गाडीतून नेतो, असा शब्द मी भर बैठकीत देऊन बसलो.

सुमन शांतपणे म्हणाली, "माज्या भावापुढं ही उकळली, तर येताना भंगारवाल्याकडं सोडायची. मंग कावून म्हनून इचारायचं न्हाई."

मी कामाला लागलो. मोठं रेडिएटर बसवलं, विजेवरचा पंखा लावला. मेकॅनिक म्हणाला, एवढं पुरे. पण माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. मी एवढ्यावर थांबणार होय? शेडनेटमधल्या रोपांवर धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर मी रेडिएटरपुढे ओळीने जोडले आणि डिकीत पाण्याची टाकी व पंप ठेवला. बटण दाबलं की रेडिएटरवर गार तुषार! लग्नाला जाताना पाली आलं, तरी तापमानाचा काटा जागचा हलला नाही. त्या आनंदात मी मुद्दाम तिथे थांबलो. (सुमन सवयीने पदर ओढून खालीही उतरली.)

वडवणीत मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं. शेजारी फेटा बांधलेला नवरदेव, पुढे बँड, आणि गाडी माणसाच्या पावलाने. काटा चढायला लागला तसं मी ऐटीत बटण दाबलं. पण वारा होता मागून. निम्मं पाणी रेडिएटरवर गेलं आणि निम्मं पुढे नाचणाऱ्यांवर.

आधी एक ताशेवाला गाडीकडे तोंड करून वाजवायला लागला. मग पोरं वळली, मग करवल्या. मांडवात पंख्याखाली बसलेली म्हातारी मंडळीसुद्धा काठ्या टेकत आली. बघता बघता अख्खी वरात गाडीकडे तोंड करून जागच्या जागी नाचायला लागली! मी हॉर्न वाजवला, तर ते हॉर्नच्या तालावर नाचले. रस्त्याने चाललेल्या एका धनगराच्या शेळ्याही घुसल्या आणि बंपर चाटू लागल्या.

फॉगर बंद करावेत, तर काटा वर आणि गाडी भंगारात. चालू ठेवावेत, तर वरात हलेना. गर्दी हटवायला खुद्द मेव्हणा आला. "हला बे, मुहूर्त चाललाय," एवढं म्हणेपर्यंत त्याच्या अंगावर तुषार आले आणि तो डोळे मिटून तिथेच उभा राहिला.

भटजींचे निरोपावर निरोप येत होते. शेवटी नवरदेव हळूच म्हणाला, "मामा, मी चालत जाऊन येऊ का?" आणि दारावरून उडी मारून एकटाच मारुतीकडे निघाला. वरातीच्या हे लक्षातही आलं नाही!

अक्षता उशिरा पडल्या. मी मान खाली घालून गाडीत बसलो होतो. एवढ्यात सुमन आली. चिंब भिजलेली, कुंकू पार नाकापर्यंत ओघळलेलं, आणि हसू आवरत नव्हतं. म्हणाली, "उकळली न्हाई ना? मंग राहू द्या." मला इतका आनंद झाला की मी तिच्या सगळ्या माहेरासमोर तिचा हात धरला.

तेव्हापासून उन्हाळ्यात सासरवाडीचं एकही लग्न आमच्या गाडीशिवाय होत नाही. मेव्हणा स्वतः फोन करतो, "दाजी, गाडी लई आठवनीनं आना. टाकी फुल भरून आना. नवरदेवाला आमी घोडा सांगितलाय."