नाळेवरचा थापा

वर्सोव्याच्या बाजारात सुगंधाबाईशी भाव करायची कोणाची टाप नव्हती. सरकारचीही ती भीडभाड ठेवत नसे. ब्याऐंशी साली होड्यांची नोंदणी आली, परवाने आले आणि कोळीवाड्यातले पुरुष कामधंदा सोडून ऑफिसच्या पायऱ्या झिजवू लागले. तिचा नवरा सहदेव अख्खा उन्हाळा हेलपाटे घालून नंबर घेऊन आला. एकुलत्या एका मुलानं, बाळानं, तो होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उंच टोकावर, दोन्ही बाजूंनी रंगवला. सुगंधाबाईचं डोकंच फिरलं. दर नारळी पुनवेला त्याच जागी ती हळदकुंकू लावायची.

"नंबर कैद्याला असतो रं. लक्ष्मीला कशाला?"

दोन-तीन वर्षं ती नुसती धुसफुसत राहिली. मग एका पुनवेला हट्टालाच पेटली. सहदेवच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, होडी बाळाच्या हातात आली होती. त्यानं हसत हसत नंबरावर होडीचाच निळा रंग फासला.

"आये, सायब दंड मारील."

"मारू दे. मी हाय ना!"

लाल रंगात हात बुडवून तिनं त्या निळ्यावर थापा उमटवला. बापाला मात्र यातलं काही सांगायचं नाही, असं मायलेकांचं ठरलं. नंबराचा त्याला भारी अभिमान होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं. सगळ्या होड्या परतल्या. बाळा आणि त्याचा खलाशी आले नाहीत.

दोघं नवरा-बायको ऑफिसात जाऊन बसली. शोधाला लाँच एकच, ती अलिबागकडे निघायच्या बेतात. तेवढ्यात साहेबांना वायरलेस आला.

"डहाणूकडं एका जहाजाला निळी होडी दिसली. अर्धी बुडालेली, नाळ वर. खवळलेल्या पाण्यात त्यांना जवळ जाता आलं नाही, माणसांचं काही कळलं नाही. पण तिच्यावर नंबर नाही. म्हणजे तुमची नव्हे. लाँच अलिबागलाच जाऊ दे."

सहदेव चक्क हसला. "आमच्यावर नंबर हाय सायेब! मी सोता आणलाय!" दारात जमलेल्या कोळीवाड्यातल्या बायकांनी हात जोडले. शेजारच्या द्रौपदीनं सुगंधाबाईला मिठी मारली.

सुगंधाबाईला निळ्या रंगाखालचा नंबर आठवला. आपण गप्प राहिलो तर बाळा अजून जिवंत आहे, निदान या खोलीपुरता तरी. कधी कशाला न भुललेली ती बाई या एका गोष्टीला भुलली. खाली धक्क्यावर लाँचचं इंजिन सुरू झालं.

"थांबवा ती लाँच!" ती एकदम किंचाळली. "ती होडी आमचीच हाय. नंबर मीच झाकाय लावला."

सहदेवनं आवाजाच्या रोखानं मान वळवली. "काय बोलतेस गं तू?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बाई, लाँच एकच आहे," साहेब वैतागले. "खात्री काय?"

तिनं टेबलावर उजवा हात पसरला. "जहाजवाल्यांना इचारा, नाळेवर लाल थापा हाय का. एवढा."

साहेबांनी वायरलेसवर विचारलं. उत्तर येईपर्यंत ती एकवीरेची करुणा भाकत होती, नाही म्हणू दे, आई, मला खोटी पाड.

साहेबांनी ऐकून घेतलं, तिच्या हाताकडे पाहिलं आणि लाँच डहाणूकडे वळवायला सांगितलं.